पिराजींच्या डोक्यातलं पाणी

येडशीच्या रेल्वेत पिराजींनी बत्तीस वर्षं कीमनची नोकरी केली. खांद्यावर हातोडा टाकून रोज मैलोनमैल रूळ तपासायचे, रूळ आवळून धरणारी लोखंडी चावी ढिली दिसली की ठोकून बसवायचे. चालण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. त्यामुळं निवृत्तीनंतर काही वर्षांनी त्यांचे पाय अडखळू लागले, तेव्हा बायकोला, केशरबाईला, आधी खरंच वाटेना. उंबऱ्यापाशी येऊन ते नुसते उभे राहायचे. पाऊल जमिनीला चिकटल्यासारखं उचलायचंच नाही. मग भिंत धरून, फेंगडे पाय टाकत, झोकांड्या खात पुढं सरकायचे.

दर पौर्णिमेला विहारात पंचशील म्हणणारा माणूस, दारूला कधी शिवला नाही. तरी गल्लीत कुजबुज सुरू झाली. केशरबाईनं स्वतःसुद्धा एकदा हळूच त्यांच्या तोंडाचा वास घेतला.

पुढं अंथरूण ओलं व्हायला लागलं. रोज गोधड्या धुऊन ती वैतागली.

"लहान लेकरू हाव का तुमी?" म्हणाली आणि त्यांची बाज मागच्या पत्र्याच्या शेडात टाकली.

जवळच्या डॉक्टरांनी 'वय झालं' म्हणून ताकदीच्या गोळ्या दिल्या. त्यात तीन वर्षं गेली, पिराजी माणसांची नावंही विसरायला लागले.

दिवाळीला लेक क्षमा पुण्याहून आली, बापाला बघून हादरली आणि थेट सोलापूरला घेऊन गेली. तिथं मेंदूचा एमआरआय काढला. डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर बोट ठेवलं.

"मेंदूत अशा पोकळ्या सगळ्यांनाच असतात. यांच्या पाणी साठून फुगल्यात. चालणं, लघवी, आठवण, सगळं त्यानंच बिघडलंय."

"म्हंजी त्येंच्या हातात काईच नव्हतं?" केशरबाईनं विचारलं.

"नव्हतं."

तिनं पदराचा बोळा तोंडात कोंबला.

कमरेतून सुईनं थोडं पाणी काढून बघितलं, तर दुसऱ्या दिवशी पिराजी वॉर्डात सरळ चालले. मग ऑपरेशन झालं, डोक्यातलं पाणी पोटात उतरवणारी बारीक नळी बसवली. "चालणं सुधारेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आठवणीचं मात्र सांगता येत नाही. उशीर झालाय."

तसंच झालं. घरी आल्या दिवशीच केशरबाईनं बाज आत आणली. आता पिराजी सकाळी स्टेशनपर्यंत फिरून येतात, अंथरूण कोरडं असतं. पण बायकोला ओळखत नाहीत.

एका दुपारी तिला राहवलं नाही. त्यांच्या पायाशी बसून ती म्हणाली, "आवो, म्या तुमाला शेडात निजवलं. लई चुकलं माझं."

पिराजी संकोचून बाजेवर एका कडेला सरकले.

"रडू नका बाई. वर बसा. आमची केशर आत हाय, च्या करंल तुमाला."