फोन कोणी ऐकत नसल्याची लेखी हमी

मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी करायचो आणि टोपणनावाने थरारक कादंबऱ्या लिहायचो. ऑफिसात मला लेखक म्हणत आणि प्रकाशकाकडे टेलिफोनवाला. आदर दोन्हीकडे सारखाच, म्हणजे बेताचा.

माझ्या तिसऱ्या कादंबरीतला खुनी चोरून लोकांचे फोन ऐकतो. ती लायब्रऱ्यांतून बरी फिरली. काही महिन्यांनी कोथरूडहून ऑफिसात अर्ज आला, की आमचा फोन काढून न्यावा. त्या काळी फोन मिळावा म्हणून माणसं वर्षानुवर्षं थांबत. अर्जात कारण म्हणून माझ्या कादंबरीचं नाव आणि पान क्रमांक दिला होता. साहेबांनी तो दोनदा वाचला, माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाले, "हे तुमचं. तुम्हीच निस्तरा."

सायकल काढून गेलो. अर्जदार गणिताचे निवृत्त प्राध्यापक होते. फोनवर त्यांनी उशी ठेवली होती आणि उशीवर जाडजूड शब्दकोश. त्यांच्या पत्नींनी चहा देतादेता सांगितलं, की परदेशातल्या मुलीचा फोन दर रविवारी सकाळी येतो आणि गेले तीन रविवार यांनी तो उचलू दिलेला नाही. मुलीने काळजीने तार केली होती. प्राध्यापकांनी उलट तार केली, 'ठीक.'

मीच तो लेखक, असं सांगून मी म्हणालो की कादंबरीतलं सगळं काल्पनिक असतं.

"तुम्ही यंत्राचं जे वर्णन केलंय, ते काल्पनिक वाटत नाही," प्राध्यापक म्हणाले.

नव्हतंच. लाइनमधला बिघाड शोधायला आमच्याकडे चाचणीचं टेबल होतं. हेडफोन लावून तिथे बसलं, की कोणाचंही बोलणं ऐकू येई. कादंबरीत मी फक्त खुर्चीतला माणूस बदलला होता.

"आपण तिथेच नोकरीला आहात," ते म्हणाले. "कोणी ऐकत नाही, असं लिहून द्या."

त्यांच्या पत्नी ट्रे हातात धरून माझ्याकडे बघत उभ्या होत्या. मी लिहून दिलं. खोटं लिहिणं हा माझा जोडधंदाच, पण स्वतःच्या नावाने आणि तारीख घालून पहिल्यांदाच लिहिलं.

पुढच्या रविवारी माझी ड्यूटी होती. फोन उचलतात का, तेवढंच बघायचं, असं मनाशी म्हणत मी चाचणीच्या टेबलाशी बसलो. फोन आला. मुलगी आधी नुसतीच रडत होती. मग प्राध्यापकांचा कोरडा आवाज आला, "बोल. कोणी ऐकत नाही. माझ्याकडे लेखी आहे."

मग ती बोलली. आईवडिलांखेरीज कोणालाही सांगणार नाही, असं काहीतरी तिने सांगितलं. ते मी इथेही लिहिणार नाही. हेडफोन काढायला हवा होता. मी शेवटपर्यंत ऐकलं.

दुसऱ्या दिवशी त्या टेबलावरून बदली मागितली. कानाचा त्रास, असं कारण दिलं. साहेबांनी अर्जावर सही केली.

पुढच्या कादंबरीत खुनी नव्हता. एक पापभीरू कारकून होता, तो लोकांच्या भल्यासाठी त्यांचे फोन ऐकतो. प्रकाशकांनी हस्तलिखित वाचून सांगितलं, की खलनायक फारच साधा झालाय, याची कोणाला भीती वाटणार नाही.

"मला वाटते," मी म्हणालो.

त्यांनी छापली. खपली नाही. प्राध्यापकांनी वाचली की नाही, मला माहीत नाही. फोन मात्र त्यांनी काढून टाकला नाही.