काचेवरचे थेंब

बाटलीमावशी हे नाव तिला प्रयोगशाळेनं दिलं आणि तिनंही ते मिरवलं. एकोणीस वर्षं तिनं काचेची भांडी धुतली. तिची पारख साधी: धुतलेल्या काचेवर पाणी एकसारखं पसरलं तर काच स्वच्छ, थेंब थेंब होऊन राहिलं तर काहीतरी चिकटलंय. खात्री पटली की ती भांड्यावर ‘स्वच्छ’ अशी चिठ्ठी लावायची. त्या चिठ्ठीवर कुणी शंका घेत नसे.

मोठ्या सरांचा प्रयोग आला आणि मावशीचं जेवणावरचं मन उडालं. कचऱ्यातल्या पिशव्यांचे तुकडे पाण्यात, त्यात पिवळी भुकटी, समोर निळा दिवा. उजेड पडला की भुकटी प्लास्टिक खाते म्हणे. खात असेल, पण आठवड्यानं भांड्यात उरायचा तो शेंबडासारखा बुळबुळीत गाळ. कुजक्या मेणासारखा वास नखांत बसायचा. घरी घास तोंडाशी नेला की तोच वास यायचा, नि ती ताट सरकवायची. नवरा म्हणायचा, "साबण बदल गं." जसा काही साबणाचाच दोष!

त्या दिवशी पाहुणे यायचे होते. सर घाईघाईनं आले. "मावशी, एवढं भांडं धुवा, गाळ बेसिनमध्ये ओता नि चिठ्ठी लावा. प्लास्टिक पूर्ण गेलं, असं दाखवायचंय."

"गेलं कुठं?"

"तुम्हाला दिसतंय का?"

गाळ तिनं नेहमीसारखा बादलीत काढला. भांडं गरम पाण्यानं, सोड्यानं तीनदा घासलं. पाणी फिरवलं, तर थेंबच थेंब! तिला शिसारी आली. चहाचे कपही याच बेसिनमध्ये धुतले जायचे. तिनं एक कप नळाखाली धरला. आतून थेंब.

"सर, इतके दिवस माझ्या माघारी गाळ इथंच ओतत होतात?"

"थोडासाच हो."

"थोडासाच! आणि त्याच कपातून आपण चहा ढोसतोय. शी!"

"मोठा शोध आहे, मावशी. पुढं सुधारेल."

"सुधारा की, मी कुठं नको म्हणतेय? पण न निघालेल्या घाणीला माझी चिठ्ठी नाही."

"मग उद्यापासून दुसरी बाई बघतो."

मावशीनं पेन घेतलं. चिठ्ठी लिहून भरपूर डिंक फासला, भांड्यावर दाबून बसवली आणि भांडं पाहुण्यांच्या टेबलावर ठेवलं. ‘तीनदा धुतलं. निघालं नाही.’

जिन्यावर पावलं वाजली. सर नखानं चिठ्ठी खरवडू लागले. मावशी बाहेरच्या नळावर हात धूत उभी राहिली.