फोनवरून हजर

२००३च्या जानेवारीत आम्ही टेक्ससमधल्या अर्विंगहून अ‍ॅरिझोनातल्या चँडलरला राहायला आलो. सामानाची यादी मी केली होती. सत्तेचाळीस खोकी, प्रत्येकावर नंबर, वहीत नंबरापुढे आतला माल. एकही खोकं हरवलं नाही आणि बाबांनी कौतुकही केलं. त्यांची अर्विंगची नोकरी गेली होती आणि दुसरी मिळाली ती इथल्या एका चिप बनवणाऱ्या कंपनीत. व्हिसा नोकरीवर होता, म्हणून जायचं की नाही हा प्रश्नच आला नाही. मी एकोणीस वर्षांची होते, दुसऱ्या वर्षाच्या मधोमध होते, आणि माझं कॉलेज तिथेच राहिलं. माझी सोरॉरिटीही.

सोरॉरिटी म्हणजे काय, हे आईला मी तीन वेळा सांगितलं होतं. कॉलेजातल्या मुलींचा गट. आत शिरायला एक सत्र उमेदवारी करायची, मग शपथ, आणि मग त्या सगळ्या आपल्या बहिणी. आमची अगदी लहान होती, बावीस जणींची, सगळ्या देशी.

"म्हणजे महिला मंडळच की," आई म्हणाली.

"नाही गं."

"हळदीकुंकू असतं?"

"नाही."

"भांडणं?"

"ती असतात."

"मग महिला मंडळच. एकुलती एक मुलगी माझी, आणि हिला बहिणी एकवीस!"

मी पंधराव्या वर्षी नागपूरहून अमेरिकेत आले. शाळेची तीन वर्षं मी डबा लायब्ररीत खाल्ला. मला माणसांत नुसतं बसता येत नाही, हाताला काम लागतं. सोरॉरिटीत ते मिळालं. दुसऱ्याच सत्रात मला सेक्रेटरी केलं. हजेरी, मीटिंगचं टिपण, वाढदिवसांची यादी, कार्यक्रमाच्या हॉलचं बुकिंग, सगळं माझ्याकडे. आणि काम करता करता मैत्रिणीही झाल्या. मुलींच्या खोलीत जमिनीवर आडवं पडून कुणाच्या तरी पायावर डोकं ठेवायचं, ही गोष्ट मी तिथे पहिल्यांदा केली.

गाव सोडायच्या आधी मी नियम वाचून काढले. बदलीच्या कॉलेजात आपली शाखा असेल, तर तिकडे जाता येतं. नसेल, तर नाव माजी सदस्यांच्या यादीत जातं, आणि त्या यादीतून परत येता येत नाही. चँडलरला मी जाणार होते ते दोन वर्षांचं सामुदायिक कॉलेज होतं, तिथे सोरॉरिटी हा प्रकारच नव्हता. पण दोन तासांवरच्या एका विद्यापीठात आमची शाखा होती. पुढच्या वर्षी तिथे प्रवेश मिळवायचा, एवढं मी ठरवलं होतं. म्हणजे तोपर्यंत एक वर्ष, जुन्या शाखेत माझं नाव चालू राहायला हवं होतं. त्यालाही नियम होता. दर रविवारच्या मीटिंगला फोनवरून हजर राहायचं, एप्रिलच्या पहिल्या मीटिंगमध्ये स्वतः विनंती करायची, आणि हजर असलेल्यांपैकी दोन तृतीयांश मतं मिळवायची.

मी वहीचं नवं पान काढलं आणि वर लिहिलं: करायच्या गोष्टी.

मीटिंग टेक्ससच्या घड्याळाने चारला असायची, म्हणजे आमच्याकडे तीन. वीकेंडला मोबाइलची मिनिटं फुकट असत. तिकडे माझी 'बिग' स्वतःचा फोन स्पीकरवर लावून खोलीच्या मधोमध जमिनीवर ठेवायची. प्रत्येक नव्या मुलीला एक थोरली बहीण देतात, तिला बिग म्हणतात. माझी बिग ह्यूस्टनमध्ये जन्मलेली, मराठी घरातली. तिचं मराठी वरणभाताएवढंच होतं, पण ती माझ्याशी तेच बोलायची.

"आली का गं? ऐकू येतंय?"

"येतंय."

"काय खाल्लं?"

"पोळीभाजी."

"यार, माझी आई पण तसंच विचारते, आणि आता मी पण."

मग फोन जमिनीवर जायचा आणि मला ऐकू यायची पावलं, चिप्सच्या पिशव्या आणि अर्धी अर्धी वाक्यं. कुणी विनोद केला की हसणं ऐकू यायचं, विनोद नाही. मी तरीही त्यांच्यामागून अर्धा सेकंद हसायचे, म्हणजे मी आहे हे कळावं म्हणून. टिपण घ्यायचं काम आता दुसऱ्या मुलीकडे गेलं होतं. मी घरी माझं वेगळं टिपण ठेवायचे. ते कुणी मागितलं नव्हतं.

नवं कॉलेज म्हणजे मुख्यतः पार्किंग होतं. मुलं गाडीने यायची, वर्गात बसायची, गाडीने जायची. मी डबा पुन्हा एकटीने खाऊ लागले, या वेळी बाबांच्या जुन्या गाडीत, काचा खाली करून. वहीत मी दिवसभरात कुणाशी किती वाक्यं बोलले ते लिहायला लागले होते. सोमवार चार. मंगळवार दोन. बुधवारी एक, तेही 'सॉरी'. शुक्रवारी आमच्या सोरॉरिटीचा टीशर्ट घालायचा असतो, छातीवर तिच्या नावाची ग्रीक अक्षरं. अर्विंगला त्या दिवशी बावीस जणी घालायच्या. चँडलरला मी एकटी घालायचे. एका मुलाने थांबून विचारलं, "हे गणिताच्या क्लबचं आहे का?" आणि मी त्याच्याशी सात वाक्यं बोलले. आठवड्यातली सर्वांत जास्त.

आईला हे दिसत होतं. ती कणीक मळता मळता म्हणाली, "पुणं सुटलं, नागपूर सुटलं, अर्विंग सुटलं. मी कुठे कुणाला मत दे म्हणून सांगायला गेले?"

"तुझं वेगळं आहे."

"काय वेगळं आहे?"

 तिने परातीवर झाकण ठेवलं आणि म्हणाली, "शेजारी तेलुगू काकू आहेत. चांगल्या आहेत. ये माझ्याबरोबर."

गेले मीही. काकूंनी कॉफी दिली आणि गावाची माहिती दिली. उन्हाळ्यात स्टिअरिंगला फडकं गुंडाळायचं, विंचू दिसला तर अमुक करायचं. आणि मोठ्या अभिमानाने सांगितलं, इथे आम्ही घड्याळांना हात लावत नाही. बाकी अमेरिका एप्रिलमध्ये घड्याळ एक तास पुढे करते, अ‍ॅरिझोना करत नाही. मी घरी आले आणि एप्रिलच्या यादीतलं 'घड्याळं पुढे करणे' खोडून टाकलं. एक काम कमी झालं म्हणून मला बरंही वाटलं.

एप्रिलचा पहिला रविवार आला. बोलायचं ते मी तीन मिनिटांत बसवलं होतं, आरशासमोर अकरा वेळा म्हणून पाहिलं होतं. अडीचला जेवणाची ताटं आवरली. आईला टीव्ही बंद करायला लावला. बरोबर तीनला फोन लावला.

बिगने लगेच उचलला. मागे दुकानातल्या ढकलगाड्यांचा आवाज होता.

"अगं, कुठे होतीस तू?"

"म्हणजे? तीन वाजलेत."

"इथे पाच वाजलेत! मीटिंग कधीच संपली. मी कार्टमध्ये दूध ठेवतेय. तू फोन का नाही केलास? मी फोन मधोमध ठेवून बसले होते, यार. सगळ्या त्या फोनकडे बघत होत्या."

टेक्ससने त्या पहाटे घड्याळ पुढे केलं होतं. आम्ही हात लावला नव्हता, त्यांनी लावला होता. माझ्या वहीत ती ओळ खोडलेली होती, सरळ रेघेने, पट्टी धरून.

"मतदान झालं?" मी विचारलं.

"तू नव्हतीस, मग कसं होणार? प्रेसिडेंट म्हणाली, अर्ज रद्द. नियम आहे."

मी पलंगावर बसले आणि रडले नाही, कारण तेवढा वेळ नव्हता. त्या आठवड्यात मी प्रत्येकीला वेगळी ईमेल लिहिली, अठ्ठावीस ईमेल. मधल्या काळात सात नव्या मुलींनी शपथ घेतली होती. त्यांना मी पाहिलं नव्हतं. त्यांचे आवाजही एकमेकींपासून ओळखता येत नव्हते. त्यांनाही लिहिलं: मी कोण, काय करायचे, मला का राहायचं आहे. प्रेसिडेंटला रोज एक फोन केला. चौथ्या दिवशी ती म्हणाली, "प्लीज, रोज नको करूस." पाचव्या दिवशी मी केला. त्या आठवड्यात दोन परीक्षा होत्या, त्यांचं काय केलं ते मला आठवत नाही. आईने वाढलेलं ताट तसंच उचलून नेलं, दोनदा, आणि तिसऱ्यांदा समोर बसून भरवायला लागली तेव्हा मी खाल्लं. बाबा दारात उभे राहून म्हणाले, "बेटा, मी दुसरीकडे नोकरी बघायला हवी होती का?" त्यांना मी नाही म्हणाले. हो म्हणायचं होतं.

शनिवारी निरोप आला. एकदाच, पुढच्या मीटिंगला, पाच मिनिटं.

त्या रविवारी मी घरात दोन घड्याळं ठेवली, एक टेक्ससचं. दोनला फोन लावला. बिगने काही विचारलं नाही, फोन जमिनीवर ठेवल्याचा आवाज आला. बोलणं तिकडे इंग्रजीतच चालायचं, मी इथे मराठीत देते आहे.

मी बोलले. बसवलेलं तीन मिनिटांचं विसरून गेले आणि जे आलं ते बोलले. म्हणाले, मला इथे कुणी नाही. म्हणाले, एक वर्षाचाच प्रश्न आहे. म्हणाले, प्लीज. हा शब्द मी किती वेळा वापरला ते मोजलं नाही, आणि मी मोजणारी बाई आहे.

प्रेसिडेंटने विचारलं, कुणाला काही विचारायचंय?

एक जुनी मुलगी बोलली. तिचा आवाज मला चांगला माहीत होता. तिच्या पायावर मी डोकं ठेवलेलं होतं. "सप्टेंबरमध्ये मीटिंगला येताना माझी गाडी बंद पडली होती. मी फोन करून कळवलं होतं. तू काय म्हणाली होतीस, आठवतं?"

"आठवतं."

"काय?"

"कारण लिहून ठेवीन, हजेरी लागणार नाही."

कुणीतरी हसलं. वाईट हसू नव्हतं ते. माझ्या तोंडचं ते वाक्य सगळ्यांना पाठ होतं, मी तेव्हा तसंच बोलायचे. ती मुलगी म्हणाली, "बस, एवढंच."

मग मत घेतलं. हात वर करून. याचा मी विचारच केला नव्हता. हातांना आवाज नसतो. मी फोन कानावर इतका दाबला की कान दुखायला लागला. फ्रिजची घरघर. कुणीतरी खोकलं. एका हातातल्या बांगड्या कोपराकडे घसरल्या, हे स्पष्ट ऐकू आलं. बिग बांगड्या घालत नव्हती, म्हणजे तिच्याशिवाय आणखी एक. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा बांगड्या, पण हात वर जाताना की खाली येताना ते कळायला मार्ग नव्हता. कुणीतरी पुटपुटत मोजत होतं आणि मध्येच पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागलं.

"अकरा," प्रेसिडेंट म्हणाली. "हजर एकोणीस. तेरा लागतात." मग, "आय अ‍ॅम सो सॉरी. आम्हाला सगळ्यांना तू आवडतेस."

"थँक यू," मी म्हणाले. का म्हणाले ते माहीत नाही.

कुणीतरी काहीतरी हळू बोललं, कुणीतरी उठून आत गेलं, बहुधा बिग. पाण्याचा नळ सुटल्याचा आवाज आला. आणि मग प्रेसिडेंट म्हणाली, "ओके, पुढचा विषय." फोन बंद करायचं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, आणि मी तो ठेवू शकत नव्हते. नुसतं ऐकत राहायला परवानगी लागत नाही, असं काहीतरी मी मनाशी म्हटलं.

पुढचा विषय होता वार्षिक कार्यक्रम, पुढच्या शनिवारचा. समोसे कुणी आणायचे यावर दोघींचं वाजलं. एकीच्या मते शंभर पुरतील. दुसरी म्हणाली, तुझ्या घरची माणसंच शंभर खातील. हशा. मग रंगमंचाची सजावट, मग कोण कुणाला गाडीतून आणणार. मी वही ओढली आणि टिपण घ्यायला लागले. सवय. हॉल शनिवारी सकाळी आठला उघडायचा, असं ठरलं, आणि त्या पुढच्या विषयाकडे निघाल्या. किल्लीचं कुणीच बोललं नाही.

मी थांबून पाहिलं. कुणी तरी बोलेल म्हणून मी खरंच थांबले.

"हॉलची किल्ली शुक्रवारी आणावी लागते," मी म्हणाले. "शनिवारी ते ऑफिस बंद असतं."



"हे कोण बोललं?" एक नवा आवाज.

"अगं, ती अजून फोनवर आहे!"

कुणीतरी फिसकन हसलं आणि तिला कुणीतरी गप्प केलं. पावलं जवळ आली, बहुधा फोन उचलायला. पण त्याआधी नवी सेक्रेटरी फोनवर वाकली असावी, कारण तिचा आवाज एकदम मोठा झाला. "थांबा, थांबा, बंद नका करू. शुक्रवारी किती वाजेपर्यंत?"

"बारापर्यंत. दोघींनी जायचं, एकीला देत नाहीत. दोघींची ओळखपत्रं लागतात."

"हळू सांग. बारा. दोघी. ओळखपत्रं." ती लिहीत होती, अक्षर अक्षर उच्चारून. मीही तशीच लिहायचे.

"माइकचं वेगळं सांगावं लागतं," मी म्हणाले. "आणि खुर्च्या तुम्हालाच परत रचून ठेवाव्या लागतात, नाहीतर पुढच्या वर्षी हॉल देत नाहीत."

"खुर्च्या. ओके. अजून काही?"

अजून बरंच होतं. मागच्या दाराची कडी, दिव्यांचं बटण, तो चौकीदार, त्याच्याशी कसं बोलायचं. सगळं माझ्या वहीत एका पानावर होतं.

"नाही," मी म्हणाले. "एवढंच."

फोन ठेवला. आमच्याकडे अडीच वाजले होते. बाहेर नुसतं ऊन होतं, आणि रविवार अजून अर्धा पडला होता.