राणीनं बांधलेली राखी

"ही पोरगी पुस्तक वाचता वाचता एकटीच हसते. दाखवा वं हिले कोणाले तरी," आत्या आईला सांगत होती.

डॉक्टरला दाखवायचं की एखाद्या स्थळाला, ते मला भिंतीच्या अलीकडून नीट ऐकू आलं नाही. आईनं नुसतं 'हं' केलं. म्हणजे तिला दोन्ही चाललं असतं.

मी नागपूरच्या कॉन्व्हेंटात शिकले, पुढे होस्टेलात राहिले आणि बी.ए. होऊन खापरखेड्याच्या वीजकेंद्राच्या कॉलनीत घरी परतले, त्या वर्षीच्या दिवाळीच्या सुमाराची ही गोष्ट. सोबत मी दोन गोष्टी आणल्या होत्या. चारचौघांत तोंड न उघडण्याची सवय, आणि मैत्रिणीनं वाचायला दिलेली चार जाडजूड भागांची एक इंग्रजी कादंबरी. तिच्यात राणी होती, तिरंदाज होता, जख्ख म्हातारा जादूगार होता आणि पंख असलेला एक अजगर होता. माझं सगळं बोलणं त्या वेळी या चौघांशीच चालत असे. (ते उलट प्रश्न विचारत नसत, हा त्यांचा मोठा गुण.)

दुपारी आमच्या क्वार्टरसमोर कडुनिंबाखाली खाटा टाकून कॉलनीतल्या बायका बसायच्या. थंडी पडली की त्याच खाटा सरकत सरकत उन्हात जायच्या. हात कुणाचेच रिकामे नसत. कुणी तूर निवडायची, कुणी स्वेटर विणायची, आणि मधूनमधून प्लँटच्या चिमणीतून येणारी राख वाळवणावरून फुंकायची. हात गुंतलेले असल्यामुळे पुस्तक धरायची सोय नव्हती. म्हणून जिनं जे वाचलं असेल ते तिनं सांगायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं, अशी तिथली पद्धत. त्यातही घरगुती कादंबऱ्यांना मुळीच भाव नव्हता. सासू, सून, आजारपण हे सगळं घरी आहेच, असं शेजारच्या मेश्रामकाकूंचं म्हणणं. इथे हवे होते शाप, भुयारं, उडते घोडे.

मेश्रामकाकू क्लबच्या लायब्ररीतून पाताळातल्या एका नगरीची कादंबरी भागाभागानं आणत आणि अशी सांगत की राक्षस आला की मांडीवरची पोरं रडायला लागत. आईची आवडती कथा रूप पालटणाऱ्या एका योगिनीची. पण कोण कशात पालटलं हेच आई विसरायची, त्यामुळे ती योगिनी एकदा मांजर झाली ती पुढे बरेच दिवस मांजरच राहिली. आत्या, म्हणजे बाबांची मोठी बहीण, विधवा झाल्यापासून आमच्याकडे असायची. तिला वाचता येत नव्हतं, पण तिच्या वडिलांनी सांगितलेले राक्षस तिच्याजवळ भरपूर होते आणि प्रत्येक वेळी ते निराळ्या पद्धतीनं मरायचे.

मग एके दुपारी आत्या म्हणाली, "आता हिची पाळी. एकटी हसते ना, आम्हालेही हसव."

सुटका नव्हती. मी खाटेच्या कडेला बसले आणि पुस्तकाकडे बघत, खालच्या आवाजात, वाक्यावाक्याचं मराठी करत सुरुवात केली. पहिली अडचण नावांची आली. राणी ओरिला हे नाव कुणाच्या तोंडात बसेना. तिची दुसऱ्याच दिवशी उर्मिला झाली. तिरंदाज ब्रॅनक होता, तो बबन झाला. दुसरी अडचण नात्यांची. जादूगार राणीचा कोण लागतो, हे कळल्याशिवाय मेश्रामकाकू पुढे जाऊ देईनात. पुस्तकात तो कुणाचाच कोणी नव्हता. "असा कसा कोणीच नाही? मग बाईच्या महालात काहून राहते तो?" असा रोकडा सवाल आला. मी त्याला राणीचा मामा केलं. सगळ्यांना हायसं वाटलं. मलाही वाटलं, कारण त्या दिवशी मला एक धडा मिळाला होता: नातं लावून दिलं की बायका प्रश्न विचारत नाहीत.

हाच धडा पुढे माझ्या अंगाशी आला.

पहिल्या भागाच्या शेवटी अजगराशी मोठी लढाई होते. बबन जखमी होऊन किल्ल्याच्या तटावर येतो, तिथे राणी एकटी उभी असते आणि पुढचं दीड पान तो तिचं चुंबन घेतो. इंग्रजीत ते दीड पान मी गच्चीवर अनेकदा वाचलं होतं. (भाषेच्या सरावासाठी.) पण आता समोर आई होती, आत्या होती आणि मेश्रामकाकूंची सासूही नेमकी त्याच दिवशी आली होती. मी "मग बबन उर्मिलाच्या जवळ आला" इथपर्यंत आले आणि थांबले. 'चुंबन' म्हणावं तर ते परीक्षेच्या पेपरात असल्यासारखं वाटत होतं. 'मुका' म्हणावं तर तो लहान पोरांचा घेतात. आत्याची तूर निवडणारी बोटं थांबली. आईनं मान वर केली. माझे कान इतके तापले की त्यावर पापड भाजले असते.

"मग काय केलं त्यानं?" आत्यानं विचारलं.

"हात पुढे केला," मी म्हणाले. "आणि राणीनं त्याला राखी बांधली."

सगळ्यांचा श्वास एकदम सुटला. आत्यानं पदरानं डोळे पुसले. मेश्रामकाकूंना फक्त एक शंका होती, लढाईत राखी आली कुठून? मी सांगितलं की राणीनं झग्याची किनार फाडली. ही किनार सगळ्यांना फार आवडली. पुस्तकातल्या कुठल्याच वाक्याला इतकी दाद मिळाली नव्हती, हे मी मनात टिपून ठेवलं आणि मला थोडा अभिमानही वाटला.

तो दुसऱ्या भागात उतरला. तिथे बबन दर पंधरा-वीस पानांनी राणीला मिठीत घेत होता आणि दर वेळी मला त्या राज्यात एखादा सण काढावा लागत होता. एकदा ओवाळणी झाली. एकदा ती त्याला तेल लावून न्हाऊ घालते असं सांगितलं. नदीकाठी चांदण्यात तर प्रसंग इतका वाढला की कुठलाच सण पुरेना, म्हणून मी बबनला सपाटून ताप आणला आणि राणीला त्याच्या कपाळावर रात्रभर पट्ट्या ठेवायला लावल्या. दुसऱ्या दिवशी दोन बायकांनी येऊन आधी ताप उतरला का ते विचारलं.

हे सगळं गमतीतच राहिलं असतं. पण आत्या ते गमतीत ऐकत नव्हती.

आत्याला बाबांखेरीज आणखी एक भाऊ होता, सावनेरजवळ शेती करणारे माझे शामकाका. त्यांच्या मुलीच्या लग्नात आत्याला मानाची साडी द्यायची राहून गेली होती. विसरले की टाळलं, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. आत्या पंगतीतून उठून आली आणि तेव्हापासून बोलणं नाही, भाऊबीज नाही. घरात काकांचं नाव निघालं की ती उठून भांडी घासायला लागायची. भांडी आमच्याकडे फार स्वच्छ असायची.

दिवाळीच्या तोंडावर एका संध्याकाळी मी आत पाणी पीत होते. आत्या बाहेर आईला म्हणत होती की तो बबन रक्ताचा नाही, काही नाही, तरी बहिणीसाठी अजगराच्या तोंडात जाते. मग जरा वेळानं म्हणाली, "उर्मिलानं तरी कुठं वाट पाहिली वं? तो येईन, मानपान करीन, मग बांधीन? झगा फाडला अन् बांधली."

भाऊबीजेच्या सकाळी अनारशांचा डबा घेऊन ती सावनेरच्या बसमध्ये बसली. बाबा तिला पोचवायला निघाले तर तिनं त्यांना स्टँडवरूनच परत पाठवलं. चार-पाच दिवसांनी आली ती नवी साडी नेसून. साडीचा रंग तिला मुळीच शोभत नव्हता आणि तो विषय काढायची कुणाचीही हिंमत नव्हती. त्या रात्री मला झोप लागली नाही. आधी आनंदानं, आणि मग तिसरा भाग उशाशी होता म्हणून. त्याच्या शेवटी बबन राणीला लग्नाचं विचारतो. चौथ्यात ते लागतं.

मी मार्ग काढला. चौथ्या भागात शेजारचा एक राजपुत्र आहे, दिसायला बरा आणि कामाला बिनकामाचा. उर्मिलाचं लग्न त्याच्याशी लावायचं, भाऊ म्हणून बबन तिच्या पाठीशी उभा राहील, जादूगार मामा मंगलाष्टकं म्हणेल. तयारी चोख होती. करवल्यासुद्धा नक्की झाल्या होत्या.

पण शेवटच्या दिवशी शामकाका आले. कापूस वेचणीला बाया लावून, संत्र्यांचं पोतं घेऊन, खास शेवट ऐकायला. आत्यानं त्यांना सगळी कथा सांगितली होती आणि त्यांनी ती गावात सांगितली होती. बबनच्या तापासाठी गावातल्या एकानं काढासुद्धा सुचवला होता. त्यांना पहिल्या खाटेवर बसवलं. बाबांची सुट्टी होती, तेही बसले. आणि आईनं, मला सोबत व्हावी म्हणून, पुण्याहून नव्यानंच आलेल्या इंजिनिअरसाहेबांच्या मिसेसना बोलावलं. त्याही इंग्रजी वाचतात म्हणून.

मी सुरू केलं. मिसेस थोडा वेळ कपाळाला आठ्या घालून ऐकत राहिल्या. मग त्यांनी माझ्या मांडीवरचं पुस्तक उलटून नाव पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

"अय्या, हे होय! माझं सगळ्यात आवडतं पुस्तक. शेवटी राणीचं आणि त्या तिरंदाजाचं लग्न होतं ना, तेव्हा मी इतकी रडले होते."

काकांच्या हातातलं संत्रं अर्धवट सोललेलंच राहिलं.

"भावासंगं?" आत्या म्हणाली.

मेश्रामकाकूंनी सावरायचा प्रयत्न केला, म्हणाल्या हा बबन दुसरा असंल, तिकडे एका नावाची माणसं पुष्कळ असतात. मिसेस म्हणाल्या, भाऊ कुठला, हिनं नीट वाचलेलं दिसत नाही. बाबांनी माझ्याकडे बघितलं. एवढी कॉन्व्हेंटात घातली, तरी भाऊ कोणता अन् नवरा कोणता हे नाही समजलं तुले, असं ते म्हणाले, आणि त्यांना खरंच वाईट वाटत होतं.

मला खरं तर ते पुरलं असतं. इंग्रजी येत नाही एवढ्यावर निभावलं असतं तर मी आनंदानं मान खाली घालून आत गेले असते. पण आत्या उभी राहिली होती. तिच्या चेहऱ्यावर पंगतीतून उठतानाचा तोच भाव आला असणार, कारण काका तो ओळखून होते.

"असल्या पुस्तकापायी मी याच्या दारात गेली," ती कुणाकडेही न बघता म्हणाली.

काकांनी संत्रं खाटेवर ठेवलं. टोपी उचलली. बसची वेळ झाली असंल, असं काहीतरी पुटपुटले. बसला अजून पुष्कळ वेळ होता.

मी बोलले. कधी तोंड उघडलं ते मलाच कळलं नाही. म्हटलं, आत्या, पुस्तकात राखी नाहीच. ती मी बांधली. किनारही मीच फाडली. तो तिचा भाऊ कधीच नव्हता.

एक सुई खाली पडली, ती उचलायलासुद्धा कुणी वाकलं नाही. आत्यानं माझ्याकडे पाहिलं, मग काकांकडे.

"म्हणजे मी खोट्याच राखीपायी सावनेरले आली होती गा, शाम."

काका टोपी हातात फिरवत राहिले. "राखी खोटी असंल, बाई," ते म्हणाले. "पण अनारसे तं खरे होते. अन् आता आली ते आली. तुले परत न आल्यासारखं कसं करू मी?"

आत्या जराशी हसली असावी. पदर तोंडाशी होता, त्यामुळे खात्री देता येत नाही. पण ती खाली बसली, आणि ते अर्धं संत्रं उचलून तिनं उरलेलं सोललं, फोडी केल्या आणि काकांच्या हातावर ठेवल्या. काकांनी टोपी डोक्यावर न घालता गुडघ्यावर ठेवली. मला वाटलं, सुटले. पुस्तक मिटून मी हळूच उठायला लागले.

"थांब," आत्या म्हणाली. "राखी नव्हती ना? मग त्या तटावर तो जवळ आला, अन् केलं काय त्यानं?"

सगळ्या खाटा माझ्याकडे वळल्या. मेश्रामकाकूंनी विणकाम बाजूला ठेवलं. मिसेस गालातल्या गालात हसत होत्या आणि मदतीला येण्याचा त्यांचा काहीही विचार दिसत नव्हता. बाबाही ऐकायला पुढे सरकले. मी शिकलेली होते, बी.ए. होते, एक राखी कबूल करून बसले होते. आता घाबरायचं कशाला? मी खाटेवरच्या गठ्ठ्यातून पहिला भाग ओढला, ते दीड पान काढलं, घसा साफ केला आणि आयुष्यात पहिल्यांदा शेवटच्या खाटेपर्यंत ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात म्हणाले, "सांगते. पण आधी बाबा आणि काका घरात जाऊन बसा."