सात, अकरा, तेरा

विश्वनाथ दिघ्यांना आकड्यांचं वेड, आणि वेडाला औषध नाही. सरकारी सांख्यिकी खात्यातून निवृत्त झाले, तरी मयूर विहारच्या सोसायटीत उभ्या गाड्यांचे नंबर काही त्यांना गप्प बसू देत नसत. "ही मूळ संख्या आहे बघ, नीला. कुणाला दाद देत नाही." नीलाताई पिशवी या हातातून त्या हातात घ्यायच्या आणि पुढे चालायला लागायच्या.

नीलाताईंना गणितातली एकच युक्ती येत होती. लग्न नवं असताना लोधी गार्डनमध्ये नवऱ्यानं शिकवलेली. बागेत नेऊन बायकोला गणित शिकवणारा हा एकटाच! तेच तीन आकडे लागोपाठ दोनदा आले, की त्या संख्येला सात, अकरा आणि तेरा या तिघांनीही भाग जातो. कारण ती हजार एकच्या पटीत असते, आणि हजार एक म्हणजे सात गुणिले अकरा गुणिले तेरा. तेव्हा त्या नुसतं "अच्छा" म्हणाल्या, पण युक्ती डोक्यात बसली ती बसलीच.

दिवाळीनंतर विश्वनाथ दोनदा गॅस चालू ठेवून फिरायला गेले. मुलगा अंकुर गुडगावहून धावत आला. फ्लॅट विका, माझ्याकडे चला, म्हणाला. विश्वनाथ खवळले.

"माझं डोकं ठणठणीत आहे. ज्या दिवशी आकड्यात चुकेन, त्या दिवशी तुझी आई तुला कळवेल. मी निमूट बॅग भरीन."

नीलाताईंनी शब्द दिला. पण अंकुरच्या अठराव्या मजल्यावरच्या घरात हा माणूस झुरून जाईल, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

पार्सल आलं की ओटीपी सांगण्याआधी तो आकडा फोडून बघायचा, हा विश्वनाथांचा शिरस्ता. मंगळवारी औषधं आली. दारातला माणूस "अंकलजी, जल्दी" म्हणत होता. मोबाइलवर आकडा होता ५९३५९३. विश्वनाथ बराच वेळ बघत राहिले.

"मूळ संख्या," ते म्हणाले. "कशानंच भाग जात नाही."

नीलाताईंनी आकडा पुन्हा वाचला: पाचशे त्र्याण्णव, आणि परत पाचशे त्र्याण्णव. थट्टा करतायत की काय, म्हणून त्यांनी तोंडाकडे पाहिलं. थट्टा नव्हती.

"काय गं, बरोबर ना?"

"तुम्ही कधी चुकलात?" त्या म्हणाल्या.

संध्याकाळी अंकुरचा फोन आला. बाबांचे आकडे कसे आहेत, त्यानं विचारलं. "बिल्कुल ठीक," नीलाताई म्हणाल्या. पोटच्या पोराशी खोटं बोलताना जीभ जड झाली, पण बोलल्या.

विश्वनाथ खुर्चीत बसून ऐकत होते. कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "नीला, तुला एक युक्ती यायची ना गं? मीच शिकवली होती. काय होती ती?"

"मला कुठलं आलंय गणित," त्या म्हणाल्या, आणि स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी चालू राहिलेला गॅस बंद केला.