मौनीबाबांची चुगली

केस कापणारा आणि गप्प बसणारा, असा माणूस शोधूनही सापडायचा नाही. पण कोपऱ्यावरच्या सलूनमध्ये असा एक होता. दोन खुर्च्या, लांबलचक आरसा, गिऱ्हाइकांसाठी बाक, आणि मधोमध पांढऱ्या कोटातले हे गृहस्थ. कोणी काहीही सांगो, यांचं उत्तर एकच, "हं." बायकोशी वाजलं, "हं." साहेबाने झापलं, "हं." लोकांनी त्यांना मौनीबाबा म्हणायला सुरुवात केली, तेव्हा त्यालाही ते "हं" म्हणाले.

गंमत अशी, की दुकान याच गुणावर चालत होतं. केस तसे ते बेताचेच कापत. एक कल्ला नेहमी दुसऱ्यापेक्षा वर जायचा. पण खुर्चीतलं खुर्चीतच राहणार, याची गल्लीला खात्री होती. कोणाची नोकरी डळमळतेय, कोणाचा संसार मोडायला आलाय, सगळं मौनीबाबांच्या पोटात. एकदा दोन सख्खे भाऊ एकाच सकाळी येऊन एकमेकांविषयी गरळ ओकून गेले, तरी यांनी इकडचा शब्द तिकडे केला नाही. वरून दाखवत नसले, तरी या गोष्टीचा त्यांना भारी अभिमान होता.

दुकानाच्या वरच्या मजल्यावर एक कुटुंब राहायचं. नवराबायको, सहा-सात वर्षांची मुलगी आणि नुकतंच झालेलं बाळ. एका संध्याकाळी बाळ निळं पडलं. मोठ्या हॉस्पिटलात नेलं, तर हृदयात जन्मतःच भोक असल्याचं निघालं, लगेच ऑपरेशन करावं लागलं. आई तिथेच राहिली, वडील नोकरी आणि हॉस्पिटल यांच्यात हेलपाटे घालू लागले. गल्लीने मात्र काही कमी पडू दिलं नाही. शेजारणी आळीपाळीने डबे देत, समोरचा मेकॅनिक वडिलांना स्कूटरवरून नेऊन सोडी. बाळ कसं आहे, हे जो तो विचारी. बाळाच्या ताईला मात्र 'त्याला बरं नाहीये' एवढंच सांगितलेलं, आणि तिची विचारपूस करायचं कोणाच्या ध्यानातही आलं नाही. ती बिचारी धडधाकट होती ना!

घर सांभाळायला आलेली आत्या एक दिवस तिला बखोट धरून दुकानात घेऊन आली.

"काका, हिचे केस बारीक करून टाका बघू. आई गेल्यापासून वेणीला हात लावू देत नाही. नुसत्या जटा झाल्यात!"

मुलीने वेणी दोन्ही हातांनी धरून ठेवली होती. डोळ्यांत पाणी नव्हतं, पण ओठ गच्च मिटलेले. मौनीबाबांनी कात्री उचलली, आरशात तिच्याकडे पाहिलं, आणि कात्री खाली ठेवली.

"कापायचे नाहीत," ते म्हणाले. "सोडवू. रोज थोडे थोडे."

एवढं लांबलचक भाषण ऐकून बाकावरची मंडळी चाटच पडली.

मग शाळा सुटली की ती खुर्चीत उशी ठेवून बसायची आणि मौनीबाबा तेलाचं बोट लावून वेणीच्या टोकाकडून एकेक गुंता सोडवायचे. तिची अट एकच होती, आईने घातलेले वरचे पेड सोडायचे नाहीत. बाकावरून सल्ले येत. ज्याच्या डोक्यावर एक केस उरला नव्हता, त्याचे सगळ्यांत जास्त.

शेवटी वरचेच पेड उरले. त्या दिवशी दुकानात दुसरं कोणी नव्हतं.

"सोडू आता?" मौनीबाबांनी विचारलं.

मुलीने आरशातूनच त्यांच्याकडे पाहिलं. "काका, इथलं तुम्ही कुणाला सांगत नाही ना?"

"हं."

"मी बाळाला जोरात आवळलं होतं. मुद्दाम. ते सारखं रडायचं आणि आई माझ्याकडे बघायचीच नाही. मग ते निळं झालं." तिने वेणी पुन्हा मुठीत घेतली. "आईला कळलं, तर ती माझी वेणी कध्धीच घालणार नाही. म्हणून हीच ठेवायचीय."

मौनीबाबांचा कंगवा थांबला. "तसं नाही गं पोरी. त्याचं दुखणं आधीपासूनचंच आहे."

"तुम्ही डॉक्टर आहात?"

"नाही."

"मग?"

"बाबांना सांगू का?" त्यांनी चाचरत विचारलं.

"नाही! तुम्ही 'हं' म्हणालात!"

त्या दिवसापासून मौनीबाबांचा घास घशाखाली उतरेना. बायकोने विचारलं, तर तिला तरी काय सांगणार? दुकानात त्यांनी एका गिऱ्हाइकाचे दोन्ही कल्ले चक्क सारखे कापले, इतकं त्यांचं लक्ष ठिकाणावर नव्हतं.

रविवारी मुलीचे वडील दाढीला आले. चेहऱ्यावर कधी नव्हे ते हसू.

"काका, धोका टळला म्हणतात डॉक्टर! बाळ दूध प्यायला लागलंय."

मौनीबाबांना खरंच खूप आनंद झाला. साबणाचा फेस लावता लावता त्यांनी मनाशी म्हटलं, चला, बाळ आता घरी येईल, पोरही विसरून जाईल, आपण कशाला तोंड उघडा? अर्धी दाढी झाली. पण ती मुठीत धरलेली वेणी काही डोळ्यांपुढून हलेना. विसरणार नाही ही. बाळ खेळायला लागलं तरी ही लांबूनच बघत बसेल.

त्यांनी वस्तरा ठेवला. "तुमच्या मुलीने मला विश्वासाने एक सांगितलंय. तो विश्वास मी आता मोडतोय," ते म्हणाले, आणि सगळं सांगून टाकलं.

वडील अर्ध्या दाढीनिशी, गळ्यातल्या टॉवेलसकट, जिना चढून वर धावले. थोड्या वेळाने मुलीला कडेवर घेऊन ते तसेच हॉस्पिटलकडे निघालेले गल्लीने पाहिले.

पुढचे काही दिवस मुलगी दुकानाकडे फिरकली नाही. झालं ते बरंच झालं, हे मौनीबाबांना पटत होतं, पण पोरीने आपल्यावर टाकलेला भरवसा कायमचा गेला, असं त्यांनी धरून ठेवलं होतं, आणि ते त्यांना फार लागलं होतं.

आणि एका गर्दीच्या सकाळी ती आली. स्वच्छ केस, घट्ट वेणी. रिकाम्या खुर्चीवर चढून बसली.

"तुम्ही चुगली केलीत."

"केली."

"डॉक्टरांनी चित्र काढून दाखवलं. ते आईच्या पोटात होतं ना, तेव्हापासूनच भोक होतं." तिने पाय हलवले. "आई म्हणाली, एवढं एकटीनेच सोसलंस होय गं? मग वेणी घालतच बसली. घातली, सोडली, परत घातली."

मौनीबाबांनी उगाचच कंगवा पुसला.

"काका, अजून एक आहे," ती हळूच म्हणाली. "पण हे खरंच कुणाला सांगायचं नाही."

मौनीबाबांनी बाकावरच्या सगळ्यांना, एका अर्धवट कापलेल्या डोक्यासकट, रस्त्यावर काढलं, दार लावून घेतलं, आणि खाली वाकून तिच्यापुढे कान केला.