बाईंना समोर कोणीतरी लागायचं

शाळा सातवीतच सुटली आणि पोटासाठी लातूरकडून इकडं कानडी मुलखात आलो. नवनगरात शिक्षकांना संगणक शिकवायचं केंद्र होतं, तिथं झाडलोटीचं काम मिळालं. काही मोडलं तर आपल्यावर येईल म्हणून यंत्रं मी लांबूनच पुसायचो.

एका शिबिरात एक वयस्कर बाई आल्या. माउस धरण्याआधी त्या हात झटकायच्या, जणू खडू लागलाय. शिकवलेलं काही त्यांच्या ध्यानात राहत नव्हतं. शेवटच्या दिवशी सर्वांसमोर पडद्यावर पाठ घ्यायचा होता; नाही जमला तर शिबिर पुन्हा पहिल्यापासून.

आदल्या दुपारी सगळे जेवायला गेले, तेव्हा त्यांनी मला हाक मारली.

"बर्री अण्णा, या, बसा इथं."

"मी कशाला बाई? मोडलंबिडलं तर?"

"मोडू दे की! समोर कोणी बसल्याशिवाय मला काही येत नाही बघा. जन्माची खोड."

मला पाठातलं चंद्रग्रहण शिकवता शिकवता त्यांना पडद्यावरचा चंद्र सरकवता आला.

दुसऱ्या दिवशी पाठात त्या मध्येच अडल्या. दाराशी उभ्या असलेल्या माझ्याकडं बघून म्हणाल्या, "सांगा, सावली कुणाची?"

मी झाडू भिंतीला टेकवला आणि हात वर केला. "पृथ्वीची, बाई."

पाठ पुढं नीट पार पडला. त्यांचं नाव विचारायचं राहिलं. यंत्रं मात्र मी आता जवळ जाऊन पुसतो.